लोअर चेस्ट मागे राहिलीये? आधी हात कुठून कुठे जातोय ते बघा

आमच्या जिममध्ये पारोळ्याकडचा एक पोरगा येतो, जळगावला एमआयडीसीत पाइप लोडिंगचं काम करतो, हात-खांदे असे की शर्टाच्या बाह्या फाटतील की काय असं वाटतं. मागच्या पावसाळ्यात हा केबल क्रॉसओव्हरवर (दोन्ही बाजूंच्या पुलीवरून वजनाच्या केबल ओढायचं मशीन) उभा राहून अक्षरशः हापसा मारत होता. पिन सातव्या प्लेटवर, कमरेत वाकला, सगळं अंग खाली टाकलं, खाड्कन हात खाली, मग प्लेटांनीच त्याला वर ओढून घेतलं, परत खाड्कन. वीस झाले की घाम पुसत माझ्याकडे आला, "दादा, खालनी छाती येसच नही भो." मी म्हटलं येणार कशी, तू पाणी काढतोयस, छाती कुठे मारतोयस.

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी कोणी ना कोणी विचारतं, आणि दरवेळी समोरच्याच्या मोबाइलमध्ये पंधरा व्यायामांची यादी आधीच असते. यादीची काही गरज नाही. एक प्रेस (वजन ढकलायचं) आणि एक फ्लाय (पसरलेले हात मिठीसारखे जवळ आणायचे), दोनच व्यायाम नीट निवडायचे आणि आठ-दहा आठवडे तेच करत राहायचं. कोणते दोन, हे मात्र प्रत्येकाच्या खांद्यावर, वजनावर आणि जिममध्ये काय सामान आहे त्याच्यावर ठरतं, म्हणून हा एवढा मोठा लेख.

आधी बघा, खरंच लोअर चेस्टच मागे आहे का

सकाळी, खिडकीचा उजेड एका बाजूने येईल असं उभं राहा, शर्ट काढा आणि तीन फोटो घ्या. एक हात सैल सोडून, एक दोन्ही तळहात पोटासमोर एकमेकांवर दाबून, एक दोन्ही हात वर करून. हे फोटो डिलीट करायचे नाहीत, पुढे लागणार आहेत.

आता बघा. तळहात दाबल्यावर छातीचा वरचा-मधला भाग उठून येतो पण खालची कड बरगड्यांवर तशीच विरून जाते, तर लोअर चेस्ट मागे आहे. पण सगळीच छाती सपाट दिसत असेल तर लोअर-अप्पर काही नाही, छातीच कमी आहे, तिथे साधा फ्लॅट बेंच (सपाट बाकावर झोपून बार वर ढकलायचा) आणि पुशअप्स वर्षभर इमानदारीत केले तर निम्मा प्रॉब्लेम तिथेच मिटतो. माझा आपला साधा हिशोब आहे, एका दमात वीस स्वच्छ पुशअप्स निघत नसतील तर लोअर चेस्टची चिंता करायची नाही.

तिसरी केस सगळ्यात कॉमन, आणि कोणाला ऐकायला आवडत नाही. चिमटीत धरलं की खालच्या भागात जाड थर हाताला येतो, म्हणजे कड आहे पण चरबीखाली झाकलीये. डिक्लाइन (डोक्याकडे उतरत्या बेंचवर झोपून मारायचा प्रेस) कितीही मारा, त्या जागची चरबी त्या जागच्या व्यायामाने जात नाही, ती सगळ्या अंगाची उतरते तेव्हाच तिथली उतरते. तिथे उपाय ताटात आहे.

आणि चौथी, लाजेखातर कोणी बोलत नाही ती. निपलच्या मागे रबराच्या बटणासारखी गोल, दाबलं की दुखणारी गाठ लागत असेल तर ती ग्रंथी असू शकते, गायनेकोमास्टिया म्हणतात. वयात येणाऱ्या पोरांमध्ये हे खूप कॉमन आहे आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. नाही गेलं तर डॉक्टर. एकाच बाजूला कडक गाठ, किंवा निपलमधून काही येतंय, तर वाट न बघता डॉक्टर. जिममध्ये कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या सुया टोचून घेतल्यानेही हे होतं, आणि एकदा ग्रंथी वाढून कडक झाली की ती कोणत्याही केबलने जात नाही.

अजून एक, दोन्ही छात्यांच्या मधली फट किंवा खालच्या कडेचा आकार, चौकोनी की गोल, हे आईबापाकडून आलेलं असतं. मसल जाड करता येतो, तो हाडाला कुठे चिकटलाय ती जागा बदलता येत नाही.

खिशाची गोष्ट

एवढं समजलं की व्यायाम स्वतःच निवडता येतात, म्हणून जरा थांबून वाचा.

छातीचा मोठा मसल, पेक्टोरॅलिस मेजर, पंख्यासारखा आहे. वरचे धागे कॉलरबोनपासून निघतात, मधले छातीच्या मधल्या हाडापासून, आणि सगळ्यात खालचे बरगड्यांच्या कुर्च्यांपासून आणि पोटाच्या बाजूच्या मसलवर जो पातळ पडदा असतो तिथून. सगळे जाऊन चिकटतात दंडाच्या हाडाला, काखेच्या जरा पुढे. म्हणजे खालचे धागे खालून-आतून निघून वर-बाहेर जातात. मसलला एकच काम येतं, आखडणं. हे धागे आखडले की वर-बाहेर असलेला दंड खाली आणि आत येतो.

बस. हात वरून-बाहेरून खाली-आत, पँटच्या पुढच्या खिशाकडे. ज्या व्यायामात वजनाविरुद्ध हात खिशाकडे जातोय तो लोअर चेस्टचा, ज्यात कपाळाकडे जातोय तो अप्परचा. व्यायामाच्या नावात काय आहे ते बघू नका, नावं लई फसवतात. पाय वर ठेवून पुशअप करतात त्याला डिक्लाइन पुशअप म्हणतात आणि अर्धं गाव ते लोअर चेस्टसाठी मारतं, पण तिथे धडाच्या हिशोबाने हात डोक्याकडे ढकलतोय, म्हणजे काम वरच्या छातीला आणि खांद्याला. उलट हात उंचावर, पाय जमिनीवर, तो इन्क्लाइन पुशअप, आणि खालच्या छातीचा तो.

यात एक बारीक गोष्ट आहे. हात खाली ओढायचं काम पाठीचा मसल, लॅट, पण करतो. हात शरीराच्या अगदी बाजूने सरळ खाली आला तर लॅटच सगळा माल उचलून नेतो. म्हणून हात छातीच्या पुढून आला पाहिजे, अंग मिठी मारल्यासारखं, फक्त मिठी कमरेच्या उंचीवर.

आणि हो, फ्लॅट बेंचला नावं ठेवू नका. फ्लॅटमध्ये पण मधले-खालचे धागे भरपूर काम करतात. लोअर चेस्टचे व्यायाम हे फ्लॅटच्या वरचा मसाला आहेत, भाजी नाहीत.

निवडताना चार प्रश्न

कोणताही व्यायाम समोर आला की मी स्वतःला विचारतो. हात खिशाकडे जातोय का? वजन असताना मसल ताणला जातोय का, की नुसताच शेवटी आवळतोय? दर आठवड्याला थोडं वजन किंवा एक-दोन रेप (व्यायाम एकदा पूर्ण केला की एक रेप) वाढवता येतील का? आणि दुसऱ्या दिवशी खांदा, कोपर, छातीचं हाड दुखतंय का? पहिल्या तिघांना हो आणि चौथ्याला नाही, तर व्यायाम ठेवायचा. चौथ्याला हो आलं तर बाकी तिन्ही कितीही भारी असो, सोडायचा. मी हे उशिरा शिकलो.

डिप्स: जमले तर यांच्यासारखं काही नाही

पॅरलल बार असेल तर पहिली पसंती डिप्स, म्हणजे दोन्ही बारवर हात टेकून अंग खाली-वर करायचं. हात खिशाच्या बाजूला, पूर्ण अंगाचं वजन, खाली गेल्यावर जबरदस्त ताण, आणि वजन वाढवायला कमरेला बेल्ट नाहीतर पाठीला बॅग. बऱ्याच गावांत नगरपालिकेच्या बागेत ओपन जिम झालीत, तिथेही डिप्सचा बार असतो, फुकट.

पण छातीचे डिप्स आणि ट्रायसेप्सचे (दंडाच्या मागच्या मसलचे) डिप्स वेगळे. सरळ उभं राहून कोपर मागे नेले की ट्रायसेप्स. छातीसाठी धड पुढे झुकवायचं, हनुवटी जराशी छातीकडे, पाय मागे किंवा थोडे पुढे, जे सोयीचं, कोपरं अंगाला चिकटवायची नाहीत आणि अगदी पंखांसारखी फाकवायची पण नाहीत, दोन्हींच्या मध्ये. खाली दोन-तीन सेकंद घेत जायचं, दंड जमिनीला साधारण समांतर झाला की थांबायचं, आणि वर येताना मनात बार एकमेकांकडे दाबायचे. वर पोचल्यावर खांदे कानाला लागू द्यायचे नाहीत.

बार खूप रुंद असतील तर खांद्याची वाट लागते. खांद्यापेक्षा जरासेच रुंद हवेत.

आता माझी अक्कल ऐका. पाच-सहा वर्षांपूर्वी मला डिप्सचं वेड लागलं होतं. साध्या वजनावर १५ निघायला लागले तसा मी दोन महिन्यांत थेट २० किलोची प्लेट लटकवली, आणि जेवढं खाली जाईल तेवढं चांगलं असं एकाने सांगितलं म्हणून खांदा पार कोपराच्या खाली नेत होतो. एका सकाळी मधल्या हाडाजवळ कट् असा आवाज आला. त्या वेळी फार दुखलं नाही, सेट (सलग काढायचे रेप) पूर्ण पण केला, शहाणा मी. संध्याकाळी शिंक आली तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. तीन आठवडे कूस बदलता येत नव्हती, घरी मिरचीची फोडणी पडली की मी ओट्यावर पळायचो कारण ठसका परवडत नव्हता. बरगडी जिथे छातीच्या हाडाला जोडते तो सांधा डिप्सच्या तळाशी खूप ओढला जातो, आणि मसल जेवढा लवकर तयार होतो तेवढा लवकर हा भाग होत नाही. म्हणून एका वेळी अडीच किलोच वाढवा, आणि १२ रेप आरामात येईपर्यंत बेल्टला हात लावू नका.

एकही डिप्स निघत नसेल तर? स्टुलावरून वर चढा, मग चार-पाच सेकंद घेत फक्त खाली उतरा, परत स्टुलावरून वर. असे ५-५ चे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. नाहीतर बारला रबर बँड बांधून त्यावर गुडघे टेका. बहुतेकांना महिना-दीड महिन्यात पहिला पूर्ण डिप निघतो.

आणि बेंचवर मागे हात टेकून, पाय समोर पसरून जे डिप्स मारतात, ते लोअर चेस्टचे नाहीत भो. ते ट्रायसेप्स आहेत, आणि खांदा मागे वळून जो पिळतो तो वेगळाच.

डिक्लाइन प्रेस: उलटं लटकायचं नाही

खांद्याला डिप्स सहन होत नसतील, किंवा वजन ९५-१०० किलो आहे आणि बारवर जीव लटकतोय, तर डिक्लाइन प्रेस घ्या. यात मोठी चूक म्हणजे कोन. १५ ते ३० अंश भरपूर झाला. आपल्याकडच्या लहान जिमांमध्ये डिक्लाइन बेंच फिक्स असतो आणि कधीकधी इतका उभा की माणूस वटवाघूळ होतो. तसा असेल तर सोडून द्या. अ‍ॅडजस्टेबल बेंच एक खाच खाली होत असेल तर तोच वापरा, नाहीतर फ्लॅट बेंचवरच पाय जमिनीवर रोवून छाती उंच ठेवा, बार निपलच्या जरा खाली टेकवा. फरक फार नाही पडत.

डंबेल की बारबेल? मी डंबेल म्हणेन. हात खाली जरा जास्त जातात, वर येताना आत आणता येतात, आणि एकटे असाल तर मानेवर बार पडायची भीती नाही. त्रास एकच, उलटं झोपून डंबेल घ्यायचे कसे. मांडीवर उभे ठेवून बसायचं, पाय रोलरमध्ये नीट अडकवायचे, मग डंबेल छातीला लावूनच मागे झोपायचं. जड असतील तर शेजारच्याला हाक मारा, लाज कसली. संपल्यावर झोपल्या झोपल्या बाजूला टाकून देऊ नका, खांदा निसटतो आणि जिमवाल्याच्या फरशीचं पण बघा जरा.

बारबेलच करायचा असेल तर स्पॉटर, म्हणजे बार सांभाळायला उभा राहणारा माणूस, पाहिजेच, आणि अंगठा बारच्या खालून गुंडाळलेला पाहिजे. डिक्लाइनला बार निसटला तर तो सरळ गळ्याकडे येतो. डिक्लाइनमध्ये बारचा प्रवास कमी असतो म्हणून फ्लॅटपेक्षा जास्त वजन निघतं आणि पोरं खूश होतात, फोटो-बिटो. ते वजन तुमची ताकद नाही, अंतर कमी झालंय फक्त.

ब्लडप्रेशर, डोळ्यांचा काचबिंदू किंवा ॲसिडिटीचा त्रास असेल तर डोकं खाली करून जोर लावायचाच नाही. आणि तब्येत ठणठणीत असली तरी रात्री ढाब्यावर काळ्या मसाल्याची शेवभाजी हाणून सकाळी सहाला डिक्लाइनवर झोपू नका, ती शेवभाजी परत भेटायला येते.

६ ते १० रेपच्या घरात काम करा, सेटमध्ये दोन-अडीच मिनिटं आराम. शेवटच्या रेपला अजून एक-दोन निघाले असते असं वाटलं पाहिजे, त्याच्या आधी थांबलात तर टाइमपास.

केबल: हापसा नाही, मिठी

परत आपल्या पारोळ्याच्या पोराकडे येतो. मी पिन सातवरून काढून तिसऱ्या प्लेटवर लावली. तोंड पडलं त्याचं, इकडेतिकडे बघतोय की कोणी पाहिलं तर नाही. मग त्याला एवढं सांगितलं:

पुली डोक्याच्या जरा वर, अगदी टोकाला नाही. दोन्ही हँडल घेऊन एक पाऊल पुढे, एक पाय पुढे एक मागे, धड अगदी थोडं झुकलेलं आणि मग ते तिथेच खिळवायचं. कोपरात जरासा वाक, आणि तो वाक पूर्ण सेटभर तेवढाच ठेवायचा, कोपर उघडमीट व्हायला लागलं की तो प्रेस झाला. हात वर-बाहेर जाऊ द्यायचे, छाती ताणल्याचं कळेपर्यंत, तिथे एक क्षण थांबायचं. मग गोलाईत खाली, दोन्ही मुठी पोटाच्या पुढे, बेंबीच्या जरा खाली भेटवायच्या. दाबून एक सेकंद. वर जाताना तीन सेकंद, प्लेटा वर आपटल्या नाही पाहिजेत.

नवव्या रेपला त्याचा चेहरा बदलला. बाराव्याला थांबला आणि बोटाने बरगडीजवळ, नेमकं छाती संपते तिथे, दाबून बघायला लागला. म्हणाला, "इथे तर कधी दुखलंच नव्हतं." त्याच पोराची सातवी प्लेट कुठे जात होती? कंबर, लॅट, ट्रायसेप्स, आणि बाकी सगळी गुरुत्वाकर्षणाला.

केबलला १२ ते २० रेप, आराम दीड मिनिट पुरतो. एकच पुली असेल तर एकेका हाताने करा, उलट एका हाताने मूठ मधली रेघ ओलांडून पलीकडच्या खिशापर्यंत नेता येते. पेक-डेक मशीन (बसून दोन्ही हात समोर जवळ आणायचं) आहे आणि केबल नाही? सीट एक-दोन खाचा वर घ्या म्हणजे हात छातीच्या खालच्या पातळीला येतील, काम भागतं.

घरीच करायचं असेल तर

खान्देशात ज्याच्या घराला ओटा आहे त्याला लोअर चेस्टसाठी बेंच विकत घ्यायची गरज नाही. ओट्याच्या कडेवर हात, पाय अंगणात, शरीर सरळ, छातीचा खालचा भाग कडेला टेकेपर्यंत खाली. हा सोपा पडतो कारण निम्मं वजन पायांवर जातं, म्हणून अवघड करायचा. दोन विटा ठेवून त्यावर तळहात ठेवा म्हणजे छाती अजून खाली जाते, पाठीवर दप्तरात वह्या किंवा वाळू भरा, आणि खाली जायला तीन सेकंद घ्या. २५ च्या वर सहज निघायला लागले की वजन वाढवा, मोजत बसू नका. ओट्याची फरशी ओली नाही ना ते आधी बघा, आमच्याकडे सकाळी ओटा धुतलेला असतो आणि मी एकदा हनुवटीवर आपटलोय.

फ्लायसाठी रबर बँड खिडकीच्या गजाला वर बांधा, केबलसारखंच. बँडला तडा गेलाय का दर वेळी बघा, तुटला तर सरळ डोळ्यावर येतो.

तालमीतले जुने आप्पा लोक विचारतील, जोर काढा ना, हे काय केबल-बिबल. जोर म्हणजे दंड, खाली घुसून पुढे छाती वर काढायची ती, त्यात शेवटी हात कमरेजवळ येतो म्हणून खालच्या छातीला काम मिळतंच, खांदे आणि पाठ मोकळी होते ते वेगळं. मी रोज १५-२० जोर वॉर्मअपला काढतो. पण मुख्य व्यायाम म्हणून नाही घेत, कारण वजन वाढवता येत नाही, फक्त संख्या वाढते, आणि शंभर जोर काढणाऱ्याचा आधी दम संपतो, छाती नाही.

आठवड्यात बसवायचं कसं

इथे बहुतेक जण चुकतात, आहे त्याच्यावर नवीन व्यायाम चढवतात. सोमवारी फ्लॅट, इन्क्लाइन (डोक्याकडे उंच केलेल्या बेंचवरचा प्रेस), फ्लाय, पुशअप असे १६ सेट आधीच आणि त्यावर लोअरचे ६. शेवटच्या ६ मध्ये अंगात काही उरलेलंच नसतं.

छाती आठवड्यातून दोनदा घ्या, एकूण १२ ते १६ सेट. त्यातले ६ ते ८ लोअर चेस्टला द्या, बाकीचे कमी करा. जो भाग मागे आहे तो पहिला, ताजेतवाने असताना. माझ्याकडे येणाऱ्यांना मी साधारण असं देतो: सोमवारी आधी डिप्स किंवा डिक्लाइन डंबेलचे ४ सेट, मग इन्क्लाइन डंबेल ३ सेट, संपलं. गुरुवारी आधी केबल ३ सेट, मग फ्लॅट बेंच ३ सेट. गुरुवारी केबल आधी का, तर छाती जागी होते आणि फ्लॅटला पण खालचा भाग जाणवायला लागतो, वजन थोडं कमी निघेल, निघू द्या.

वाढवायचं असं. समजा डिक्लाइनला ६ ते १० रेप ठरवले आणि १७.५ किलोच्या डंबेलने ८, ७, ७, ६ आले. वजन तेच ठेवून सगळे सेट १० ला न्यायचे, दोन आठवडे लागो की चार. चारही १० झाले की पुढचा डंबेल, परत ७-८ पासून सुरू. लहान जिममध्ये १५ नंतर थेट २० चा डंबेल असतो, मधले गायब, तेव्हा रेप १२-१३ पर्यंत खेचा आणि मग उडी मारा. वही ठेवा. मोबाइलमध्ये लिहिणारे लिहितात दोन दिवस, मग रील बघत बसतात.

ज्यांचा खांदा कुरकुर करतो त्यांनी दोन्ही दिवस डिक्लाइन डंबेल आणि केबलच ठेवावं, डिप्सच्या नादी लागू नये. घरी करणाऱ्यांनी ओटा आणि बँड, आठवड्यातून तीनदा चालेल, वजन कमी असतं तर रिकव्हरी लवकर होते.

खाणं आणि ऊन

केळीच्या देशात राहतो म्हणून दिवसाला सहा केळी खाऊन बॉडी होईल असं समजणारे खूप आहेत. केळं वर्कआउटच्या आधी एक नंबर, पण त्यात प्रोटीन जेमतेम १ ग्रॅम. दर किलो वजनामागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन धरा, ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅमच्या आसपास. ५० ग्रॅम कोरडे सोयाचंक्स २५-२६ ग्रॅम देतात, चार अंडी २४, मूठभर शेंगदाणे ७-८. कळण्याची भाकरी साध्या भाकरीपेक्षा बरी कारण त्यात उडीद आहे, सोबत डाळ घट्ट घ्या, वरचं पाणी नाही. भरीत बिनधास्त खा, फक्त तेलाचा तवंग बघून. आणि चरबीखाली कड झाकलेले जे वर तिसऱ्या नंबरला होते, त्यांनी वरण-बट्टीच्या पंगतीत तूप किती ओतून घेतलं ते मोजावं, बाकी मी काही बोलत नाही.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि निम्म्या जिम पत्र्याच्या शेडमध्ये. दुपारी चार-पाचला तिथे जाऊन डिप्सचा बार धरून बघा, चटका बसतो. उन्हाळ्यात जड दिवस सकाळी सहा-सातला ठेवा, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सोबत, आणि हात पुसायला रुमाल, कारण घामाने बार निसटतो आणि डिक्लाइनला निसटलेला बार काय करतो ते वर लिहिलंय. त्या दोन महिन्यांत रेप कमी आले तर डोक्याला ताप करून घेऊ नका, सेट एक-एक कमी करा.

किती दिवस, आणि मग काय

आठ आठवड्यांनी त्याच खिडकीत, त्याच वेळेला, तेच तीन फोटो. त्याआधी नको, रोज आरशात बघून काही कळत नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात अंग जड वाटायला लागलं, वजन मागे यायला लागलं तर एक आठवडा सेट निम्मे करा आणि परत लागा.

दहा आठवड्यांनंतर हा स्पेशल हट्ट थांबवायचा. दोनपैकी एकच व्यायाम ठेवायचा, आठवड्याला ३-४ सेट, मिळवलेलं टिकवायला तेवढं पुरतं, आणि वाचलेले सेट पाठीला द्या, कारण छाती-छाती करून खांदे पुढे आलेले असतात.

पारोळ्याचा पोरगा तिसऱ्या प्लेटवरून दहा आठवड्यांत पाचव्यावर आलाय, धड न हलवता, आणि डिप्स ३ वरून ११. सातवी प्लेट अजून डोक्यातून गेलेली नाही, अधूनमधून पिन तिकडे सरकवलेली दिसते, मग मी जिममध्ये शिरलो की गुपचूप वर घेतो.